मधले दोन आकडे

१

बायको त्याला पोस्टमास्तर म्हणायची, आणि उगाच म्हणत नव्हती. माणूस स्वतःच्या घरात टपालखाना चालवत होता. कागदाचा नव्हे, ईमेलचा. अख्खं जग फुकटात मिळणारी मेलपेटी वापरून सुखाने जगतं, पण याला ते पटेना. माझी पत्रं मी परक्याच्या कपाटात का ठेवू, असं म्हणून त्याने एक जुना कॉम्प्युटर पुसूनबिसून घेतला, दाराजवळच्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर बसवला आणि सगळी सुट्टी त्याच्यापुढे स्टुलावर बसून घालवली.

"एवढ्यात माणूस चार गावं बघून आला असता," आई म्हणाली.

"गावं काय पळून जातायत?" तो म्हणाला, आणि पुन्हा मान खाली.

यंत्र बसवणं सोपं असतं हो. खरी मारामारी असते नावांची. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, आणि आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून त्याला नाव द्यायचं. आता घरातल्या एखाद्या फोनने विचारलं की टपालखाना कुठे आहे, तर तो प्रश्न बाहेर जातो, जगभर हिंडतो आणि परत आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणाऱ्याला दार काही उघडत नाही. म्हणून घरातच एक नावं सांगणारा बसवावा लागतो. टपालखाना कुठाय म्हटलं की तो तिथल्या तिथे सांगतो, हा काय, चपलांच्या कपाटावर.

आणि हे उलटंही जमावं लागतं. नावावरून आकडा, तसं आकड्यावरून नाव. ज्याचं दोन्हीकडून जुळतं तो घरचा. त्याला टपालखाना काही न विचारता आत घेतो. ज्याचं जुळत नाही तो लुच्चा, त्याला दारातूनच परत. हा नियम पोस्टमास्तरने स्वतः घातला होता आणि त्यात तो कोणाला सूट देत नसे.

नावं मात्र त्याने मजेशीर ठेवली. सारखा कागद अडकवून घेणारा प्रिंटर झाला 'रडूबाई'. माणसांची यंत्रं दहापासून पुढे. आईचा फोन दहा नंबर, नाव 'आई'. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर अकरा, 'हमाल'. बायकोचा बारा, 'सरकार'.

त्या सरकारला सहावा महिना होता.

याआधी दोनदा असंच झालं होतं, आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी हौसेने पाळणा आणला होता. दुसऱ्या वेळी लहान लहान कपडे. ते परत करायला तो एकटाच गेला होता, आणि दुकानातून घरी यायला त्याला नको इतका वेळ लागला होता. म्हणून या वेळी बायकोने सांगून टाकलं, घरात काही आणायचं नाही. झबलं नाही, खेळणं नाही, आणि नावाचा तर विषयही नाही. छोटी खोली तिने बंद करून टाकली. पोटातल्याला सगळे नुसतं 'हे' म्हणत. हे हललं, हे झोपलं.

त्याने ते पाळलं. पण हा पडला आधीपासून तयारी करणारा माणूस. कचेऱ्यांतली यंत्रं जोडायची हेच त्याचं काम. कुठल्या कचेरीत नवीन यंत्र यायचं असलं, तर ते खोक्यातून निघायच्या आधी त्याचा आकडा आणि नाव याने राखून ठेवलेलं असायचं. घरात हात बांधलेले, मग राहिली एकच जागा, जिथे त्याच्याशिवाय कोणी डोकावत नव्हतं. एका दुपारी बायको आत झोपली असताना त्याने नावांची फाइल उघडली आणि पंधरा आकड्यापुढे लिहिलं, 'टिल्लू'. नावावरून आकडा, आकड्यावरून नाव, दोन्हीकडून व्यवस्थित. लिहिताना त्याला इतका आनंद झाला की त्याने उगाच इकडेतिकडे बघून घेतलं.

तेरा आणि चौदा त्याने मोकळे सोडले. का, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. एरवी हा आकडे ओळीने लावणारा.

२

सकाळी चहाचा कप घेऊन तो हजेरी घ्यायचा. त्यासाठी त्याने एक छोटासा प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो एकेका नावाला हाक मारायचा, यंत्राने ओ दिली की पुढे 'हजर' उमटायचं, नाही दिली की 'गैरहजर'.

टपालखाना हजर. रडूबाई हजर. आई हजर, हमाल हजर, सरकार हजर. टिल्लू गैरहजर.

तो शेवटचा शब्द वाचून तो रोज मनातल्या मनात हसायचा. येईल, येईल, म्हणायचा, आणि बशी उचलून ओट्यावर ठेवायचा.

त्या दिवशीही बशी उचलली होती. ओट्यापर्यंत गेलासुद्धा. मग तसाच परत आला आणि स्क्रीन पुन्हा वाचली.

टिल्लू हजर.

आता हा काही घाबरट माणूस नव्हता. आधी त्याला रागच आला. पंधरा नंबर मी राखून ठेवलाय, त्यावर बसलं कोण? बायकोचं नवीन घड्याळ? ते बघितलं, त्याचा आकडा वेगळाच. शेजारच्यांनी वायफाय चोरलं असेल. पासवर्ड बदलला. पुन्हा हाक मारली. हजर.

प्रत्येक यंत्रावर कारखान्यातला एक जन्मखुणेचा नंबर असतो, आणि तो लपत नाही. पंधराचा नंबर बघायला गेला तर ती जागा कोरी. चुकीची नव्हे, कोरी.

"आज इंटरनेट नाही का रे?" आईने आतून विचारलं.

"जरा बंद ठेवलंय, आई."

त्याने वायफाय बंद केलं. एकेक वायर उपटली. रडूबाई, हमाल, सगळे गैरहजर झाले. चपलांच्या कपाटावर एकटा टपालखाना घूंघूं करत राहिला, विजेच्या वायरीखेरीज ना मागे वायर, ना पुढे. त्याने त्याच्याच पुढ्यात बसून, त्याच्याच कीबोर्डवरून हाक मारली.

टिल्लू हजर.

यंत्र स्वतःलाच ओ देत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. होतं असं कधी कधी, एखादी ओळ चुकीची पडलेली असते. त्याने ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. मग त्याने वायरी परत लावल्या, हात धुतले आणि कामाला निघून गेला. दिवसभर कोणी हाक मारली की तो दचकत होता.

३

पुढे त्याला खोडच लागली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडी ठेवायची, आणि तिच्यात टिल्लूला सारखी हाक मारत राहायचं. हाक, ओ. हाक, ओ. मधेच कधीतरी एक ओ चुकायची, पुन्हा सुरळीत.

एकदा दोघं हॉलमध्ये बसली होती. बायको सोफ्यावर पाय लांब करून शेंगा सोलत होती, तो टेबलाशी.

"आई गं," ती म्हणाली. "काय लाथ मारतं हे."

त्याने चौकटीकडे बघितलं. नुकतीच एक ओ चुकली होती.

योगायोग आहे, त्याने ठरवलं. दिवसात शंभरदा चुकते, त्यातली एक जुळली. मग तो वाट बघत बसला. चौकटीत ओ चुकली की मान वर करून बायकोकडे बघायचं. ओ चुकली. बायकोचा हात शेंगा सोडून पोटावर गेला. पुन्हा चुकली. पुन्हा हात गेला.

"काय टक लावून बघतोयस?" ती म्हणाली. "शिंगं फुटलीयत का मला?"

"काही नाही."

"मग दोन शेंगा सोल. पोस्टमास्तरांचे हात काही झिजणार नाहीत."

तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि शेंगा सोलू लागला. सांगावंसं फार वाटत होतं. पण सांगायचं काय? की तू नको म्हणालीस तरी मी नाव ठेवलं, आणि आता ते ओ देतंय? तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरा तजेला आला होता. त्याने तोंड मिटून घेतलं.

४

कामातला नियम साधा असतो. ज्या नावामागे यंत्र नाही, ते नाव पुसायचं. हे तो दुसऱ्यांना कचेऱ्याकचेऱ्यांतून सांगत आला होता, आणि स्वतःच्या घरात मात्र भूत पोसत बसला होता. एका दुपारी त्याने मनाचा हिय्या केला, फाइल उघडली आणि टिल्लूची ओळ पुसली. इकडून आणि तिकडून. पंधरा नंबरला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. शीळ घालत तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला.

बायको ओट्याशी उभी होती, हातात पिशवी, अर्धी भाजी बाहेर काढलेली. ती तशीच थांबली होती.

"अरे," ती म्हणाली, "हे हालत नाहीये."

"झोपलं असेल."

"नाही. असं नाही ते झोपत." तिने पिशवी खाली ठेवली. आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत आवाज त्याने याआधी दोनदा ऐकला होता. "मला हे माहितीये. चल."

दवाखाना जवळच होता. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं. पोटावर ठेवायचं त्यांचं ते छोटं यंत्र असतं, त्यातून ठोक्यांचा आवाज येतो. त्यांनी ते इथे ठेवलं, तिथे ठेवलं. नुसती खरखर. त्या बोलायच्या थांबल्या. एरवी बाईंचं तोंड बंद नसायचं.

"जरा कूस बदला," त्या म्हणाल्या.

तो बाहेर आला. पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं पिंप, भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र. त्याने खिशातून फोन काढला आणि घरच्या टपालखान्याशी जोडला. पासवर्ड दोनदा चुकला. वेडा झालायस तू, एक मन सांगत होतं, तुझी बायको आत पडलीये आणि तू फाइल उघडतोयस. त्याने त्या मनाला बोलू दिलं आणि टाइप करत राहिला. पंधरा. टिल्लू. टिल्लू. पंधरा. नावं सांगणारा बंद करून पुन्हा चालू केला.

दाराआडून आवाज आला. धकधक, धकधक, धकधक, घाईघाईने, कोणी धावत जिना चढून यावं तसा.

"हे बघा," बाईंचा आवाजही मोकळा झाला. "पाठ करून बसलं होतं शहाणं. होतं असं. घाबरवलंत की हो मला."

त्याने फोन खिशात टाकला. खुर्चीवर बसला. बाई म्हणाल्या त्यात काहीच खोटं नव्हतं, मूल फिरतं, ठोके सापडत नाहीत, असं होतं. फक्त ती ओळ पुन्हा पुसून बघायची त्याची छाती नव्हती.

५

त्यानंतर पोस्टमास्तर त्या खोक्याला असा जपू लागला की आईला हसू आवरेना. वीज गेली तर म्हणून बॅटरी आणली. ती पुरली नाही तर म्हणून दुसरी आणली. चपला काढताना कपाटाला धक्का लागू नये म्हणून चपलाच दाराबाहेर हलवल्या.

"बायकोची एवढी काळजी घेत असतास तर," आई म्हणाली.

"तिचीच घेतोय," तो म्हणाला. आईला तो विनोद वाटला.

आणि दिवस भरले, आणि सगळं सुखरूप झालं. मुलगी. काळ्याभोर जावळाची, मुठी आवळलेली. बायको तिला छातीशी धरून इतकी रडली की नर्सबाईने तिला दटावलं. तोही रडला. संध्याकाळी घरी येऊन त्याने छोट्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी उघडली, आणि आईने जमिनीवर ओलं फडकं फिरवलं. मग तो दुकानात जाऊन पाळणा घेऊन आला.

"काय म्हणायचं हिला?" घरी आल्यावर बायको म्हणाली. आता तिला नावाची भीती राहिली नव्हती.

"टिल्लू," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"शी. हे काय नाव आहे?" ती म्हणाली. पण हसली, आणि चांगलंसं सुचेपर्यंत तेच चालू राहिलं.

सकाळी त्याने चहा घेतला आणि हजेरी काढली. टिल्लू हजर. आता काय, आता ती खरोखरच हजर होती. कपाटावरचं ते उत्तर कुठून येतं, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं, पण त्याच्याशी भांडण करायचं त्याने सोडून दिलं होतं.

त्या ओळीखाली आणखी दोन ओळी उमटल्या.

टिल्लू हजर.

टिल्लू हजर.

६

एका हाकेला तीन ओ. असंही होतं म्हणा. एखादी वायर चुकून फिरून स्वतःलाच जोडली गेली की एकच उत्तर गोल गोल फिरतं. त्याने वायरी बघितल्या. नीट होत्या. उत्तरं बघितली, तर तीही एकाची नव्हती. पहिली ओ झटकन यायची. दुसरी जरा थांबून. तिसरी बरीच मागून, विचार करून दिल्यासारखी.

घरात आई सांगत होती, "गंमतच आहे हिची. दर वेळी वेगळीच रडते. सकाळचं रडणं ऐकून मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं मूल."

बायको हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पोरगी प्यायची, पोट भरून प्यायची, आणि तोंड बाजूला करते न करते तोच पुन्हा शोधायला लागायची, जन्मात पहिल्यांदा पितेय अशी. ते झालं की आणखी एकदा.

"ती मला बघते ना," बायको त्याला हळूच म्हणाली, "तेव्हा कधी कधी ओळखीचं बघते. आणि कधी कधी असं बघते, की ही कोण."

"एवढीशी ती, तिला काय ओळख कळतेय."

"मला कळते ना."

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, काट्याकडे बघून भुवया वर केल्या आणि पुन्हा केलं. दूध पुरतंय, ताप नाही, पोट साफ आहे, आणि वजन मात्र खाली. "असंच उतरत राहिलं तर दाखल करावं लागेल," त्या म्हणाल्या. "पितंय एवढं, ते जातंय कुठे?"

परत येताना रिक्षात त्याने पोरीचा पाय हातात धरून ठेवला. टाच अंगठ्याएवढी होती, आणि काल याहून जरा भरलेली होती. काहीही करीन, तो मनात म्हणाला, पण ही जायला नको.

७

नावं सांगणारा आपल्याला कोणी काय विचारलं ते टिपून ठेवतो. पोस्टमास्तरने ते कधी उघडून बघितलं नव्हतं. घरच्या माणसांच्या प्रश्नांत काय बघायचं? त्या दुपारी बघितलं.

सरकारने टपालखाना विचारला होता. आईच्या फोनने हवामान विचारलं होतं. आणि या सगळ्याच्या मधे मधे, दिवसभर, एकच प्रश्न होता.

विचारणारा, तेरा नंबर. प्रश्न: तेरा नंबरचं नाव काय?

उत्तर: असं नाव नाही.

विचारणारा, चौदा नंबर. प्रश्न: चौदा नंबरचं नाव काय?

उत्तर: असं नाव नाही.

तो वर वर सरकवत गेला. मागे, आणखी मागे. तेरा नंबर स्वतःचंच नाव विचारत होता. चौदा स्वतःचं. नाही म्हटलं की थोडं थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. कंटाळले नव्हते, चिडले नव्हते. आणि प्रत्येक वेळी 'नाही' ऐकल्यानंतर, पुढच्याच ओळीला, टिल्लूच्या नावाने एक जास्तीची ओ आलेली होती.

त्याला समजलं. ज्यांना नाव नाही ते नाव असलेल्याच्या जागेवर येऊन बसत होते. हाक एकच होती, ओ द्यायला तिघं. आणि दूधही एकच होतं.

पंधराची ओळ पुसायची, तर दवाखान्यातली ती खरखर अजून कानात होती. न पुसावी, तर काटा रोज खाली येत होता. एक तिसरा मार्ग होता. त्या दोघांना नाव द्यायचं. पण त्याने स्वतःच घातलेला नियम त्याला पाठ होता. दोन्हीकडून नाव जुळलं की तो घरचा. मग त्याला दारात अडवायचं नाही.

तो उठून आत गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. नाव लिहिलं त्या दुपारपासून, दवाखान्यातल्या पॅसेजसकट, काही न लपवता.

८

तिने मधे एकदाही तोडलं नाही. पोरगी मांडीवर पडून छताकडे बघत होती. सगळं ऐकून बायको म्हणाली, "दाखव."

त्याने कॉम्प्युटर तिच्यासमोर धरला. तिने ती फाइल वरून खाली वाचली. रडूबाईपाशी क्षणभर थांबली. दहा, अकरा, बारा. पंधरा.

"मधे दोन का सोडलेस?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "मग मला माहितीये."

त्यालाही माहीत होतं. त्याच्या हाताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुटुंबाचे आकडे त्याने ओळीने लावले होते, प्रत्येकाला त्याची जागा दिली होती, आणि त्या दोघांच्या जागेवर नुसतं मोकळं सोडून पुढे गेला होता.

"आपण त्यांना काही म्हणालोच नाही कधी," तो म्हणाला.

"तू नाही म्हणालास," ती म्हणाली. "मी म्हणायचे. मनात."

मग तिने सांगितलं, आधी थोरल्याचं, मग मधलीचं. ती दोन नावं त्या घरची. इथे सांगण्यात अर्थ नाही. पोस्टमास्तर तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं एका उशीवर डोकं ठेवून झोपलेली माणसं, आणि हिच्याजवळ एवढं होतं.

"एकदा लिहिली की ती घरची झाली," तो म्हणाला. "मग ती आली तर नाही म्हणता येणार नाही. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

तिने मांडीवरच्या पोरीच्या हाताकडे बघितलं. मनगटाची कातडी सैल पडली होती.

"लिही," ती म्हणाली.

त्याने तेरापुढे लिहिलं. चौदापुढे लिहिलं. मग उलटं, आकड्यावरून नाव. दोनदा वाचून बघितलं, कारण इथे काना-मात्रा चुकून चालणार नव्हती. नावं सांगणारा बंद केला, चालू केला.

त्याने हजेरी घेतली. तेरा हजर. चौदा हजर. टिल्लू हजर. एकदाच.

मांडीवर पोरगी कुरकुरली. बायकोने तिला घेतलं. ती प्यायली, मनसोक्त प्यायली, आणि पिता पिता झोपली. तोंड बाजूला पडलं, ओठावर दुधाचा थेंब तसाच. पुन्हा शोधलं नाही. दोघंही श्वास रोखून वाट बघत राहिली, आणि ती झोपूनच राहिली. बायकोने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचं ते दडपण उतरलेलं त्याला दिसलं.

९

संध्याकाळ झाली होती, दिवे लावायचे राहिले होते. आई स्वयंपाकघरात कुकर लावत होती. बायको सोफ्यावर, पोरगी तिच्या कुशीत. तो टेबलाशी बसून टपालखान्याकडे नुसता बघत होता. दोन नवे पाहुणे दाराशी आले होते. टपालखान्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी आपापलं नाव सांगितलं. टपालखान्याने नाव बघितलं, आकडा बघितला, दोन्हीकडून जुळतंय ना ते बघितलं, आणि उत्तर दिलं. या.

कपाटावरच्या खोक्यातला पंखा जरा मोठ्याने फिरला आणि पुन्हा शांत झाला.

"काय रे," आईने आतून विचारलं, "खालच्या मजल्यावरची पोरं वर आलीत का? पॅसेजमध्ये धावतायत."

"नाही, आई."

"मग चपला वाजल्या त्या कुणाच्या?"

चपला दाराबाहेर होत्या, आणि दार बंद होतं. त्याने मान वळवून बघितलं. छोट्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. आत पाळणा होता, रिकामा, आणि मावळतीच्या बाजूची खिडकी उघडी. त्यामुळे दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी हॉलच्या फरशीवर पडली होती. ती पट्टी अखंड नव्हती. चार ठिकाणी तुटलेली होती. दोन जवळजवळ, आणि जरा बाजूला, आणखी दोन. त्यांतल्या एकाने भार या पायावरून त्या पायावर घेतला.

काहीतरी असेल, एक मन म्हणालं. पडदा असेल. पाळण्याचे पाय असतील. त्या मनाचं म्हणणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं. त्या खोलीला पडदे नव्हते, आणि पाळणा भिंतीशी होता.

दाराची मूठ हलली. मूठ त्याच्या छातीच्या उंचीवर होती, आणि ती अगदी खालून, टाचा उंचावून ओढल्यासारखी हलत होती. एकदा. पुन्हा एकदा. जमत नव्हतं.

त्याने बायकोकडे बघितलं. तिला उठवायचं, पोरीला उचलायचं, आईचा हात धरायचा आणि बाहेर पडायचं, असं सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं. बायको दाराकडे बघत होती. तिला भीती वाटत नव्हती. तेच बघून त्याला जास्त भीती वाटली.

"उघड ना," ती त्याला म्हणाली. "हात पुरत नाहीये त्यांचा."

आणि कुशीतल्या झोपलेल्या पोरीला न उठवता, ती सोफ्याच्या मधोमध सरकली, आणि तिने आपल्या दोन्ही बाजूंना जागा केली.